परमिटवरचं नाव



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण दरवर्षी एकलहऱ्याला या व्याख्यानमालेत एकत्र येतो, त्यांना प्रथम वंदन करतो. त्यांनी या वसाहतीतल्या कितीतरी मुलांना व्यासपीठावर उभं राहून स्पष्ट आवाजात बोलायला शिकवलं. म्हणूनच संयोजकांनी 'नोकरीधंद्यात स्वतःची ओळख कशी करून द्यावी' हा विषय सुचवला, तेव्हा मी लगेच होकार दिला. काहींना तो लहान वाटला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी माणूस व्याख्यानाला जातो तो इतिहास, राजकारण, साहित्य, अर्थकारण ऐकायला. त्या परंपरेत हा विषय बसतो का? माझ्या मते बसतो. आपल्याकडची हाताने उत्तम असलेली माणसं पहिल्या दोन मिनिटांत मागे पडताना मी मुलाखतींच्या टेबलाशी बसून पाहत आलो आहे. त्यांचं काम कमी पडत नाही, ते सांगणं कमी पडतं. हे नुकसान त्या एका माणसाचं असतं, तसंच ते त्याच्या घराचं असतं आणि त्या कामाचंही असतं.

आधी आपल्याच नाशिककडे पाहू. पन्नास वर्षांपूर्वी इथल्या माणसाला स्वतःची ओळख करून देण्याचे कष्टच पडत नव्हते. 'मी बोर्डात आहे', म्हणजे वीज मंडळात, एवढं म्हटलं की झालं. नाशिकरोडचा माणूस म्हणायचा 'प्रेसमध्ये आहे', ओझरचा म्हणायचा 'एचएएलला आहे', सातपूरचा म्हणायचा 'मायकोत आहे'. त्या एका शब्दात पगार आला, क्वार्टर आलं, निवृत्तिवेतन आलं, मुलीच्या बापाचा होकारही आला. तुम्ही बोर्डात नेमकं काय करता, हे विचारण्याची कुणाला गरज पडत नसे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला पहिला संच १९७० साली सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे तीन संच आले. संस्थेचं नाव हीच माणसाची ओळख होती, आणि ती पुरेशी होती.

आज काय स्थिती आहे? १४० मेगावॅटचे जुने दोन संच २०११ साली बंद झाले. २००५ च्या जूनमध्ये बोर्डाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या. आज एकाच पंपावर तिघं काम करत असतील, तर त्यांतला एक कायम, एक अप्रेंटिस आणि एक ठेकेदाराचा असतो. टेंडर बदललं की तिसऱ्याच्या गेटपासवरचं कंपनीचं नावही बदलतं. पंप तोच, पाना तोच, माणूसही तोच. मग त्याने 'मी अमुक कंपनीत आहे' असं सांगून काय सांगितलं? उद्या ती कंपनी नसेल, तेव्हा त्याच्याजवळ सांगायला काय उरेल? त्याच्या हातातलं काम उरेल. ते सांगायची सवय मात्र आपण त्याला लावलेली नाही. आपल्या वडिलांच्या पिढीला ती लागली नाही, म्हणून आपल्यालाही मिळाली नाही.

आता या न सांगण्यामागचं दुसरं कारण. ते खोल आहे आणि आदराने पाहण्याजोगं आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं की आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये. समर्थांनी 'दासबोधा'त मूर्खाची लक्षणं सांगितली, त्यांत आत्मस्तुती करणारा आहे. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच ओवीत आणखी एक मूर्ख आहे, आणि तो आपण सोयीने विसरतो. वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारा! म्हणजे समर्थांनी दोन्ही दारं बंद केली. स्वतःची बढाई मारायची नाही आणि घराण्याचीही मारायची नाही. मग उरलं काय?

उरलं ते समर्थांनी स्वतः करून दाखवलं आहे. 'दासबोधा'चा पहिला समास आठवा. ग्रंथ उघडताच ते श्रोत्यांच्या तोंडी प्रश्न घालतात. हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितलं आहे, आणि तो ऐकून मिळणार काय? आणि लगेच उत्तरं द्यायला बसतात. ग्रंथाची ओळख करून देताना त्यांना संकोच वाटला नाही. ऐकणाऱ्याला आपला वेळ कुठे द्यायचा हे ठरवायचं असतं, आणि ते ठरवायला त्याला माहिती लागते. ती देणं ही ऐकणाऱ्याची सेवा आहे. तेव्हा मुलांनो, कुणी तुम्हाला 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं, तर तो तुम्हाला स्तुती करायला सांगत नाही. तो तेच तीन प्रश्न विचारतो आहे. तू कोण, तुला काय येतं, आणि आमच्या कामाला तुझा काय उपयोग?

या तीन प्रश्नांची उत्तरं कशी द्यावीत, याचा मराठी माणसाने घालून दिलेला सर्वांत चांगला नमुना मला विचाराल, तर मी १८८२ सालाकडे बोट दाखवीन. त्या वर्षी सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगापुढे निवेदन देणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. त्यांच्या त्या निवेदनातल्या मागण्यांवर आपण पुष्कळ बोलतो. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी प्रसिद्ध आहे. मला आज बोलायचं आहे ते त्याच्या सुरुवातीबद्दल, कारण त्या सुरुवातीत जोतीरावांनी आपली ओळख करून दिली आहे.

ती कशी करून दिली? पहिल्याच वाक्यात त्यांनी आपल्या अनुभवाला कुंपण घातलं. शिक्षणातला माझा अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असं ते सांगतात. विचार करा. समोर सरकारी आयोग बसला आहे, साऱ्या हिंदुस्थानच्या शिक्षणाचा तो निकाल लावणार आहे, आणि हा माणूस सुरुवात करतो ती आपली हद्द सांगून! आज कुठला सल्लागार असं बोलेल? पण या एका वाक्याने पुढच्या प्रत्येक वाक्याला वजन आलं. जो माणूस आपल्याला काय ठाऊक नाही हे सांगतो, त्याला काय ठाऊक आहे यावर विश्वास बसतो.

मग ते काम सांगतात. पुण्यात मुलींसाठी एतद्देशीयांची शाळा नव्हती म्हणून आपण शाळा काढली, आणि तीत आपण व आपली पत्नी दोघांनी मिळून अनेक वर्षं काम केलं. मित्रहो, १८८२ साली, सरकारदरबारी दाखल होणाऱ्या कागदात, स्वतःची ओळख करून देताना बायकोच्या कामाचा उल्लेख! सावित्रीबाईंचा वाटा त्यांनी आपल्या नावाखाली झाकला नाही. पुढे महार-मांगांसाठी शाळा काढल्याचं ते सांगतात. मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत आपण काही वर्षं शिकवलं, हेही सांगतात. म्हणजे काढलेली संस्था सांगितली, तशी केलेली साधी मास्तरकीही सांगितली. विशेषण कुठे आहे? मी थोर सुधारक, मी समाजाचा कैवारी, असं एक अक्षर तिथे नाही. केलं काय, कुठे केलं, कुणाबरोबर केलं, एवढंच.

आणि शेवटची सही. खाली नावापुढे त्यांनी लिहिलं आहे की आपण व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद, राहणार पेठ जुना गंज. क्रम पाहा. नगरपालिकेचं मानाचं पद शेवटी आलं. आधी धंदा, आधी शेती. हे विनय म्हणून केलं असेल का? मला तसं वाटत नाही. निवेदनाचा सारा युक्तिवाद असा आहे की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गावर होतो. हे बोलायचा अधिकार त्यांना शेतकरी म्हणून सर्वांत जास्त होता. म्हणून त्यांनी ती ओळख पदाच्या आधी ठेवली. माणसाच्या अनेक ओळखी असतात. समोरच्या कामाला यांतली कोणती लागू आहे, ती आधी सांगायची, हे जोतीरावांकडून शिकावं. पुढे १८८८ साली ड्यूक ऑफ कनॉटच्या स्वागत समारंभात, पुण्याच्या बड्या मंडळींमध्ये ते शेतकऱ्याच्या वेशात गेले. तिथे त्यांचा तो वेशच निवेदन होता.

आता तुमच्या रोजच्या कामाकडे येतो. तुमच्यातल्या पुष्कळांना वाटत असेल की ओळखबिळख मुलाखतीपुरती. कारखान्याच्या आत काम बोलतं. खरं सांगू? कारखान्याच्या आत नाव जितकं महत्त्वाचं आहे, तितकं बाहेर कुठेच नाही. परमिट घ्या. वीज केंद्रातल्या मंडळींना हे सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. एखाद्या पंपाचं काम निघालं, तर मेंटेनन्सचा माणूस पाने घेऊन थेट पंपाशी जात नाही. आधी ऑपरेशनवाले तो पंप बंद करतात, व्हॉल्व्ह बंद करतात, त्याच्या मोटरचा वीजपुरवठा तोडतात, तिथे धोक्याची पाटी लावतात. मग परमिट निघतं. त्यावर संच कोणता, यंत्र कोणतं, काम काय, परमिट दिलं कुणी आणि घेतलं कुणी, हे सारं वेळेसह लिहिलेलं असतं. काम संपलं की ज्याने घेतलं त्यानेच सही करून परत द्यायचं. माझी माणसं बाहेर आली, माझं सामान बाहेर आलं, आता पंप चालू करायला हरकत नाही, असं त्या सहीचं म्हणणं असतं. ती सही होईपर्यंत त्या मोटरला कुणी हात लावत नाही.

ही सही म्हणजे काय? ही ओळखच आहे. 'मी अमुक, या यंत्रावर आत्ता माझी माणसं आहेत, त्यांचा जबाबदार मी.' त्या कागदावर तुमची पदवी कुठली, घराणं कुठलं, इंग्रजी कसं, याला जागा नाही. ज्या जबाबदारीवर माणसांचा जीव टांगलेला असतो, तिथे ओळख अशी कोरडी आणि नेमकी लागते. आणि नेमकी नसेल तर? फोनवर नुसतं 'हॅलो, मी बोलतोय, काम झालं' एवढंच आलं तर? कोण बोलतोय, कुठल्या संचावरून, कोणतं काम? कंट्रोल रूममध्ये जुनी जाणती माणसं फोन उचलताच आधी जागा आणि मग नाव सांगतात. मी ती सवय फार मोलाची मानतो. ती तुम्ही बैठकीत न्या, मुलाखतीत न्या, नव्या साहेबाला पहिल्यांदा भेटताना न्या. तुम्ही परमिटवर रोज जे लिहिता, तेच तोंडाने सांगायचं आहे.

आयटीआयच्या मुलामुलींनो, आता थोडं खास तुमच्यासाठी. मुलाखतीला आलेला मुलगा खुर्चीत बसतो आणि पाठ केलेलं सुरू होतं. 'माय सेल्फ अमुक, आय ॲम फ्रॉम नाशिक, माय फादर इज अ फार्मर, माय हॉबी इज प्लेइंग क्रिकेट, माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क.' त्याच्या आधीच्यानेही हेच म्हटलेलं असतं, नंतरचाही हेच म्हणणार असतो. यात त्याचा दोष नाही. कुणीतरी क्लासमध्ये त्याला हे विकत दिलेलं असतं. पण त्याच मुलाला मी विचारलं की, अप्रेंटिसशिपमध्ये शेवटचं कोणतं काम स्वतःच्या हाताने केलंस, तर त्याचा चेहरा बदलतो. मग तो मराठीत बोलायला लागतो आणि दोन मिनिटांत कळतं की याला येतं.

ते दुसरं बोलणं पहिल्यांदा करा, एवढंच माझं मागणं आहे. समजा, असं बोललात: 'माझं नाव अमुक. मी फिटर. आयटीआयनंतर एक वर्ष अप्रेंटिस होतो, त्यातला बराच काळ पंपांवर गेला. ग्लँड पॅकिंग बदलणं, बेअरिंग काढून बसवणं मी एकट्याने करतो. कपलिंगचं अलाइनमेंट डायल गेज लावून करतो, पण रीडिंग वरिष्ठांना दाखवून मगच पुढे जातो. टर्बाईनवर अजून काम केलेलं नाही, शिकायची इच्छा आहे.' याला अर्धं मिनिटही लागत नाही. यात एकही विशेषण नाही. 'मी मेहनती आहे' असं म्हटलेलं नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला मेहनत दिसली. 'मी प्रामाणिक आहे' असंही म्हटलेलं नाही, पण टर्बाईनबद्दलच्या वाक्यातून ते कळलं. आणि माझ्यासारखा जाणकार समोर असेल, तर डायल गेजचा उल्लेख ऐकताच तो पुढचा प्रश्न तिथलाच विचारील. म्हणजे मुलाखत तुमच्या ओळखीच्या मैदानावर आली.

कुणी म्हणेल, साधी माणसं अशी बोलली तर मोठी माणसं ऐकतील का? १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाने केंब्रिजच्या हार्डी नावाच्या गणितज्ञाला पत्र लिहिलं. त्यात त्याने सांगितलं, मी हिशेब खात्यात कारकून आहे, पगार वर्षाला फक्त २० पौंड, विद्यापीठाचं शिक्षण नाही, फावल्या वेळात गणित करतो. आणि मग स्वतःचे सिद्धांत पानापानांवर मांडले. त्याआधी इतरांना लिहिलेल्या पत्रांतून काही निष्पन्न झालं नव्हतं. हार्डींनी ती पानं वाचली. त्या कारकुनाचं नाव श्रीनिवास रामानुजन. पुढच्याच वर्षी तो केंब्रिजला पोचला. त्याने गरिबी लपवली नाही, तिचं भांडवलही केलं नाही. दोन ओळी स्वतःबद्दल आणि बाकी सगळं काम.

भाषेविषयी एवढंच सांगतो. ज्या भाषेत तुम्हाला काम सांगता येतं, त्या भाषेत ओळख द्या. इंग्रजी शिका, जरूर शिका. मात्र न येणाऱ्या इंग्रजीत येणारं काम बुडवू नका.

आता मी भगिनींकडे वळतो, आणि इथे थोडा थांबणार आहे. बैठकीत आठ पुरुष आणि एक इंजिनिअर मुलगी असते. आठ जणांची ओळख नाव आणि हुद्द्यासह होते आणि नवव्या खुर्चीशी येऊन आवाज म्हणतो, 'आणि या मॅडम.' कोण मॅडम? कुठल्या विभागाच्या? त्यांच्याकडे कोणतं काम? कुणी सांगत नाही आणि पुष्कळदा ती स्वतःही संकोचाने गप्प बसते. तिने गप्प बसू नये. १८८३ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याजवळच्या सेरामपूरच्या सभागृहात आनंदीबाई जोशी बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. लोक त्यांच्याबद्दल पाठीमागे जे बोलत होते, त्याचे त्यांनी सहा प्रश्न केले. अमेरिकेला का जाते, इथे शिकता येणार नाही का, एकटी का जाते, परतल्यावर लोक वाळीत टाकतील त्याचं काय? असे प्रश्न स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी आहे आणि ते शिक्षण घ्यायला मी जाते आहे, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. १८८६ साली त्या एम.डी. झाल्या. तुमच्याबद्दल लोकांच्या मनात जो प्रश्न आहे, तो ओळखा आणि तो विचारला जाण्याआधी त्याचं उत्तर द्या. पाळीत काम करता येईल का, हा प्रश्न समोरच्याच्या डोळ्यांत दिसत असेल, तर आपण आजवर कोणत्या पाळ्या केल्या ते सरळ सांगून टाका.

आणखी एक प्रश्न आपल्याकडे ओळखीच्या वेळी हमखास येतो. नाव सांगितलं की, 'आडनाव?' आडनाव सांगितलं की, 'गाव कुठलं? मूळचे कुठले?' गावाची चौकशी मायेने होते, मला मान्य आहे. पण माणूस आतून कशाचा शोध घेतो आहे, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि ज्याला विचारलं त्यालाही ठाऊक असतं. कामाच्या जागी हा शोध बंद झाला पाहिजे. जोतीरावांनी आयोगाला आपला व्यवसाय सांगितला, केलेलं काम सांगितलं, जात सांगितली नाही. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं उलटली आणि आपण अजून आडनावापाशी अडलो आहोत, याची मला चीड येते.

म्हणून शेवटचं मागणं तरुणांकडे नाही. ते या सभागृहात पुढच्या रांगांत बसलेल्या वरिष्ठांकडे आहे. स्वतःची ओळख करून देण्याची कला आपण सगळी धाकट्यांच्या डोक्यावर टाकतो. पण ती ऐकून घेणारा कान कुणी द्यायचा? सीएचपीला, म्हणजे कोळसा हाताळणी विभागात, कोळशाच्या धुळीत उभा असलेला माणूस, बॉयलरखाली राख काढणारा माणूस, हे तुमच्या बोलण्यात 'ठेकेदाराची माणसं' असतात. पाहुणे आले, तपासणी आली, तर तुम्ही यंत्राची क्षमता सांगता, २१० मेगावॅटचा आकडा सांगता, आणि ते चालवणाऱ्याच्या शेजारून पुढे जाता. उद्यापासून तिथे थांबा. पाहुण्यांना सांगा, हे अमुक, इतकी वर्षं या बेल्टवर आहेत, बेल्ट घसरायला लागला की यांना आवाजावरून कळतं. आणि मग बाजूला होऊन त्यांना बोलू द्या. पहिल्यांदा ते अडखळतील, नावापुढे काही सुचणार नाही. चालेल. दुसऱ्यांदा ते बोलतील. पाळी सुरू होताना हजेरी घेता, तेव्हा रोज एकाला आपल्या कामाबद्दल चार वाक्यं बोलायला सांगा. खर्च काही नाही, वेळ दोन मिनिटांचा. आणि ही सुरुवात कायम माणसापासून करू नका, ठेकेदाराच्या माणसापासून करा.